टाळूवरचं बोट

माझ्या खालच्या पुढच्या दोन दातांच्या हिरड्या बरीच वर्षं खाली सरकत होत्या. दात घासायचे म्हणजे तवा घासल्यासारखे घासायचे, अशी लहानपणापासूनची माझी समजूत. चाळिशी आली तेव्हा मुळं उघडी पडली आणि माठातलं पाणी प्यायलं तरी कळ थेट डोक्यात जायची. शिरूरच्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "टाळूची पातळ कातडी काढून हिरडीवर शिवू. दोन-तीन आठवडे जपलंत की झालं."

मी शाळेत शिकवते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकल्यावर ऑपरेशन करून घेतलं. ह्यांनी मला नेलं, आणलं, औषधं मांडून ठेवली. पण लगेच रांजणगावच्या त्यांच्या कंपनीनं त्यांना नवीन मशीन बसवायला गुजरातला धाडलं. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. राहू गावच्या शिवारातल्या घरात उरलो आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे, म्हणजे आबा.

सासूबाई जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून आबांचं नि माझं बोलणं म्हणजे, "चहा ठेवलाय," "मोटार बंद केली," "पेपर आला का?" एवढंच. ते ओसरीवर, मी आत. भांडण कधीच नव्हतं, पण समोरासमोर बसून बोलायची रीतही नव्हती. मी अजून त्यांच्यापुढं डोक्यावरून पदर घेते.

ह्यांनी जाताना त्यांना सांगितलं होतं, "आबा, तिच्या टाळूची कातडी काढलीय, लक्ष ठेवा." दुसऱ्या दिवशी आबा दारात येऊन माझ्या डोक्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "टाळूला तर पट्टी न्हाई दिसत. तेल लावू नगं म्हणाल्यात का?" मी तोंडाकडं बोट करून आत दाखवलं. त्यांना उलगडलं तेव्हा ते इतके ओशाळले की तडक गोठ्याकडं गेले. मला हसू आलं, पण टाक्यांमुळं हसता येईना.

त्याच दिवशी त्यांनी स्वतः ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली, ताक घालून. पहिल्या घोटालाच टाळूवर आग झाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाटी उचलली आणि थोड्या वेळानं दुधातली पेज आणून ठेवली, पंख्याखाली गार केलेली. "मला बी दात न्हाईत," ते म्हणाले. "दुधातलंच बरं पडतं."

त्यानंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास मी चूळ भरली आणि नकळत जोरात थुंकले. थुंकायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. बेसिनमध्ये लाल धार पडली. पुन्हा तोंड भरलं. मी टॉवेल तोंडाला लावून भिंतीला टेकले. हातातलं भांडं खाली पडलं.

आवाज ऐकून आबा आत आले. मी असताना स्वयंपाकघरात ते सहसा येत नसत. त्यांनी माझा फोन घेतला, डॉक्टरबाईंना लावला आणि स्पीकरवर टाकला. "गॉजची पट्टी ओली करून, घडी घालून टाळूवर दाबून धरा," त्या म्हणाल्या. "बोटानं, चांगलं जोरात. वीस मिनिटं सोडू नका. नाहीच थांबलं तर गाडी करून लगेच या."

मी गॉज आत घातला, पण बोट जागेवर राहीना. उमासे येत होते. आबांनी साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. परत एकदा धुतले. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"आ कर, पोरी."

मी मान हलवली. सासऱ्यांच्या बोटापुढं तोंड कसं उघडायचं?

"आगं, शंभर बैलांचं दात बघितल्यात म्या. आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी एक तळवा माझ्या डोक्यामागं धरला, दुसऱ्या हाताचं बोट गॉजवर टेकवलं आणि दाबलं. त्या बोटाला साबणाचा वास होता आणि खाली मळ्यातल्या झेंडूच्या पानांचा. ते इकडंतिकडं बघत नव्हते, नुसते टाळूकडं. बाहेर मोटार चालूच होती. वाफे भरून पाणी बांधावरून रस्त्याला लागल्याचं मला ऐकू येत होतं. मी हातानं खूण केली.

"वाहू दे," ते म्हणाले. "पानीच हाय."

मग, कदाचित माझी भीती घालवायला, ते बोलू लागले. सासूबाई नवीन होत्या तेव्हा त्यांना गांधीलमाशी चावली, ओठ एवढा सुजला, आणि त्या चार दिवस आबांपुढं आल्याच नाहीत. "म्या बी इचारलं न्हाई. घरातल्या बायका बघत व्हत्या. शेवटच्या दुखण्यात बी म्या दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावरच." बोट तसंच घट्ट होतं.

वीस मिनिटांहून बराच जास्त वेळ त्यांनी ते धरलं असावं. गॉज काढला तेव्हा रक्त थांबलं होतं. त्यांच्या बोटाला माझ्या दातांचे वळ होते.

सकाळी ते मला जीप करून शिरूरला घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी टाळूला नवे टाके घातले आणि ओठ उचलून बघितलं. एका दातावरची कातडी गुलाबी होती, दुसऱ्यावरची राखाडी पडलेली. "ही धरली नाही," त्या म्हणाल्या. एवढं सोसून अर्धंच. मला तिथंच रडू फुटलं.

आबा टोपी हातात घेऊन उभे होते. "परत लावता येती का?"

"येते. सहा महिन्यांनी बघू."

"मंग झालं. नांग्या भरायच्या," ते मला म्हणाले. रोपं मेली की मोकळ्या जागी दुसरी लावतात, त्याला आमच्याकडं नांग्या भरणं म्हणतात. मी रडता रडता मान डोलावली.

नंतर गालावर सूज आली, ताप आला, गोळ्या बदलल्या. रोज सकाळी मी खुर्चीत बसायची आणि आबा मोबाइलचा टॉर्च लावून टाळू बघायचे. मग फोनवर ह्यांना कळवायचे, "आज पांढरं हाय, पन कडंनं लाल यायलंय." एकदा फोटो पाठवला तर त्यात नुसतं माझं नाक. आम्ही दोघं एकाच पातेल्यातलं मऊ खायचो, स्वयंपाकघरात, समोरासमोर बसून. त्यांनी मला शाळेतल्या पोरांबद्दल विचारलं. मी लिहून सांगायची, पुढं बोलून.

हे परत आले तोवर टाळू भरून आली होती. जेवताना आबा म्हणाले, "दाव त्याला." मी घास गिळून तोंड उघडलं. दोघं बापलेक ताटांवरून वाकले. "तिथं न्हाई, डाव्या अंगाला," आबा मुलाला सांगत होते. "दिसतंय का? समदं भरलंय बघ."

दुसऱ्या दाताचं मूळ अजून उघडंच आहे. गार पाणी मी उजव्या बाजूनं पिते. पुढचं ऑपरेशन करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. आबा म्हणतात, घाई न्हाई.