दिग्रसच्या टॉवेलवाल्या म्याडम

कंबर दुखणारा माणूस एकटा कधी येत नाही. सोबत बायको येते, शेजारी येतो आणि एक किस्सा येतो. कंबर बरी झाली की माणूस घरी जातो, किस्सा मात्र माझ्याकडेच राहतो. अकरा वर्षांत इतके साठलेत की मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न हाच, "काय गं, या आठवड्यात कोण वाकलं?"

मी फिजिओथेरपिस्ट. दिग्रसला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मागची एक खोली माझी. सुरुवात केली तेव्हा खोलीत काय होतं? एक लाकडी टेबल, दोन खुर्च्या, एक भिंत आणि आमच्या मदतनीस बेबीताई. भिंत सरळ होती, बेबीताई तिच्याहून सरळ! मशीन एकही नव्हतं.

*

पहिलाच पेशंट गजाननभाऊ. जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचे. कंबर धरून आत आले आणि खोलीभर नजर फिरवली.

"म्याडम, लाईट कुठी हाये?"

"कसला लाईट?"

"करंटचा वो! यवतमायले लावतेत नं, गुदगुल्या होतेत तो."

मी टॉवेलची गुंडाळी केली, त्यांना टेबलावर निजवलं, गुंडाळी कमरेखाली सरकवली आणि गुडघे दुमडून हळूहळू एकेक व्यायाम करून घेतला. गजाननभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"म्याडम, टॉवेल तं माह्या घरी बी हाये!"

"मग काय भाऊ, मशीन घरपोच आहे तुमच्याकडे!"

तोंड वाकडं करून गेले. मला वाटलं, हा माणूस आता परत दिसत नाही. तिसऱ्या आठवड्यात दारात सहा जण उभे. पुढे गजाननभाऊ, मागे पाच हमाल, प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल!

"यायले बी मशीन चालू करून द्या."

तेव्हापासून गावात माझं 'टॉवेलवाल्या म्याडम' हे नाव पडलं ते पडलंच. ओझं कसं उचलायचं, गुडघे कसे वाकवायचे, हे मी शिकवलं खरं, पण माझ्याहून चांगलं गजाननभाऊच शिकवतात. परवा एका नव्या हमालाला सांगत होते, "पोतं असं लांबून काहून धरतं? छातीशी घे! पोतंच हाये ते, कोनी नावं ठेवत नाई!"

*

रजिया आपा शिलाईकाम करायच्या. दिवसभर मशीनवर वाकून मान आणि कंबर दोन्ही गेलेल्या. त्यांना आधी मशीनच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवायला सांगितल्या, म्हणजे वाकणंच कमी. आणि शेकायला जाडं मीठ: कढईत गरम करायचं, जुन्या मोज्यात भरायचं, आधी मनगटावर चटका बघायचा, मग कमरेला लावायचं.

पंधरा दिवसांनी आपा हसतच आल्या.

"कमर तो अच्छी है म्याडम. मगर एक गडबड हो गई."

"काय झालं?"

"अम्मी बोले, इतना नमक वाया काहून घालवाचं? वो सब नमक आचार में डाल दिया!"

"अहो, मोज्यातलं?"

"हौ ना! अन् मेहमान आये तो सबने बरनी मांग के घर को ले गये!"

आपांच्या गल्लीत आता सगळ्याच शिलाईमशीन विटांवर आहेत. आमच्याकडे त्या वर्षीचं लोणचं आलं होतं. बेबीताईंनी ते कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही.

*

एक निवृत्त गुरुजी होते. कुणीतरी त्यांना सांगितलं, "कंबर दुखते? मग हलू नका." गुरुजी शिस्तीचे. दोन महिने फळीवर पडून राहिले! घरी जाऊन तपासलं तर काळजीचं काही नव्हतं, पण पडून पडून पायांतली ताकदच गेली होती. मला बघताच म्हणाले, "आता मी काही उठत नाई, पोरी." त्यांच्या पत्नी, गुरुमाऊली, कोपऱ्यात डोळे पुसत होत्या.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही आयुष्यभर गृहपाठ दिलात. आज मी देते. रोज एक घर पुढं."

पहिल्या दिवशी दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओट्यापर्यंत. मग किराणा दुकान, मग पानटपरी. गुरुजींनी गृहपाठ एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी रोज सकाळी बसस्टँडला जाऊन परत यायला लागले.

आणि एक दिवस गुरुमाऊली एकट्याच आल्या, तावातावानं!

"म्याडम, चांगलं केलं तुमी! तवा उठत नव्हते, आता सापडत नाईत. सकायी जाते मानूस, जेवाले येते. गावभर लोकायच्या कमरा सरळ करत फिरून राह्यले. यायले जरा घरात बसाची गोयी द्या!"

*

कापूसवेचणीचे दिवस होते. सुमनबाई आणि त्यांच्यासोबतच्या नऊ बाया आल्या. दिवसभर वाकून वेचायचं आणि कमरेला बांधलेली ओटी भरून गुडघ्यापर्यंत लोंबेस्तोवर ओढायची. सुमनबाई म्हणाल्या, "रात्री कूस बी बदलता येत नाई, बाई. अन् काम तं सोडता येत नाई."

काम सोडा म्हणायला मला तोंड नव्हतं. मी म्हटलं, "ओटी अर्धी झाली की रिकामी करा. आणि एक तास वेचून झाला की सगळ्या उभ्या राहा, दोन्ही हात कमरेवर, मागे वाका. पाच वेळा."

चौथ्या दिवशी शेतमालक बाबाराव स्वतः दवाखान्यात हजर! पांढरं धोतर, कपाळावर आठ्या.

"म्याडम, तुमी आमच्या बायायले काय शिकवलं? साऱ्याच्या साऱ्या एका वेयी आभायाकडे पाह्यतेत! मले वाटलं इमान आलं!"

मला वाटलं, बायांची मजुरी गेली की काय! भीतभीत विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? मी बी वर पाह्यलं. दुसऱ्या डावाले बी पाह्यलं. चार-पाच डाव पाह्यलं…"

"मग?"

बाबारावांनी दार लोटलं, टेबलावर चढून बसले आणि हळूच म्हणाले, "मोकयी झाली वो कंबर. आता पुढचं शिकवा!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण मी तो सगळ्यांना सांगते.

सोमवार होता, बाहेर चाळीस माणसं. बेबीताई रांगेत नावं लिहून घेत होत्या. शेवटून तिसरा एक तरुण टेम्पोचालक, भिंतीला टेकलेला. त्याचं नाव लिहिता लिहिता बेबीताईंनी नेहमीसारखी विचारपूस केली. तो म्हणाला, "कंबर तं जुनीच हाये, ताई. पन कालपासून पाय जड पडलेत, अन् बसाची जागा सुन्न लागून राह्यली." बेबीताईंनी लाजबीज सोडून त्याला विचारलं, "लघवी होते का बरोबर?" तो खाली बघून म्हणाला, "सकायपासून नाई."

बेबीताईंनी वही तिथंच टाकली आणि तडक आत आल्या. मी एका आजींच्या पाठीवर काम करत होते.

"म्याडम, हा टॉवेलचा पेशंट नाई!"

मी त्याला लगेच तपासलं. मणक्यातली नस दबली होती, एकेक तास मोलाचा होता. दहा मिनिटांत आम्ही त्याला गाडीत घालून यवतमाळला धाडलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सर्जनांचा फोन. "अजून थोडा उशीर झाला असता तर पाय गेले असते. तुमच्याकडे कुणी ओळखलं?"

"बेबीताईंनी."

"त्या ऑर्थोच्या का?"

"नाही सर, सातवीच्या!"

फोन ठेवला. बेबीताई फरशी पुसत होत्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तर म्हणाल्या, "असं काय पाह्यता? तुमी पेशंटले समजावून सांगता, तवा मी काय नुसतीच उभी राह्यते?"

तो तरुण आता टेम्पो चालवतो. दिवाळीला टेम्पो दवाखान्यापाशी लावून बेबीताईंकडे चालत जातो. दवाखान्यापासून त्यांचं घर दोन किलोमीटर आहे.

*

आणि शेवटचा किस्सा गंगाबाईंचा.

दिग्रसच्या पुढे एका बंजारा तांड्यावर त्या राहतात. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, याडी म्हणजे आई. वय सत्तरच्या पुढे. दुखण्याच्या भीतीनं वाकून वाकून चालायची सवय लागलेली. मी सांगितलं, "रोज भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून उभं राहायचं. जमेल तेवढंच."

याडी म्हणाली, "घर टिनाचं हाये, बेटी. टेकलं तं वाजते."

मग मी म्हटलं, "झाड आहे का?"

तांड्याच्या तोंडाशी मोठा कडुलिंब होता. याडी रोज सकाळी त्याला पाठ लावून उभी राहायची आणि डोक्याच्या उंचीला सून कोळशानं रेघ ओढायची. हळूहळू तांड्यातल्या बाकी बायाही येऊ लागल्या. लिंबाच्या खोडावर रेघाच रेघा!

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. मुकादम चार माणसं, कुऱ्हाडी आणि तोडायच्या झाडांवर खुणा करायला लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. यादीत लिंबाचं नाव होतं. खोडाजवळ गेला आणि थबकला.

"हे कायचं मोजमाप हाये?"

याडीनं पुढे जाऊन खोडाला टाचा लावल्या, पाठ लावली, डोकं टेकवलं आणि सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "हे पह्यलं." मग हात डोक्यावर नेला. "अन् हे आजचं. चार बोटं."

मुकादम हसला. हसता हसता त्याचा हात कमरेवर गेला.

"तुही बी दुखते?"

"तीन सालं झाली, याडी."

"आव, इथं उभा राह्य. जोडे काढ."

हे मला तिच्या सुनेनं सांगितलं. गेल्या महिन्यात मी तांड्यावर गेले होते. रस्ता छान झालाय. लिंबापाशी आला की तो थोडा वळतो. खोडावर कोळशाच्या रेघांच्या वर, सगळ्यात उंच, लाल ऑइलपेंटनं मारलेली एक रेघ आहे. बाजूला मुकादमाची सही.