गाडीवरचं कुंकू

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. माहूरची रेणुका ही आमच्या सासरची कुलदेवता. त्या हिवाळ्यात तिच्यापुढे दिवा लावताना मी हात जोडत होते, पण मान खाली घालत नव्हते. मालकांचं पोट वरचेवर दुखे. नवस झाले, उपास झाले, आराम म्हणाल तर नाव नाही. मंगरूळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा कळ आली तर घटकाभरही थांबू नका, सरळ अकोल्याला न्या, ऑपरेशन करावं लागेल. मी देवीला म्हटलं, आता तू काय करतेस ते बघतेच.

आसेगावात आमच्या घरी धाकट्या दिरांनी घेतलेली जुनी मोटार होती. दुपारी ती हँडल मारताच सुरू व्हायची, पण थंडी पडली की सकाळी तिचं हटकून बिनसायचं. दसऱ्याला सासूबाईंनी बॉनेट उघडायला लावून आतल्या एकेका भागावर ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली होती. पुढे गाडी अडू लागली तशी त्या दर शुक्रवारी आणखी बोटं ओढू लागल्या. गाडी जितकी अडे तितकं कुंकू वाढे. दिरांनी बॅटरी बदलली, प्लग घासले, कार्बोरेटर साफ केलं, फक्त त्या पूजेला हात लावला नाही. देवाचं म्हटलं की डोळे मिटायचे, ही आमच्या घरची रीतच होती.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे कळ आली. मालकांना कसंबसं मागच्या सीटवर निजवलं. एसटी यायला उन्हं वर यावी लागणार होती. दहिवर इतकं पडलं होतं की बॉनेट हाताला ओलं लागत होतं. मी चुलीवरचं ऊन पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं. दिरांनी चोक ओढून हँडल फिरवलं. गाडी खोकली आणि गप्प झाली. प्लग काढून विस्तवावर तापवून पुन्हा बसवले, तरी तेच. मालकांचं कण्हणं ऐकू येत होतं. मग तेही बारीक झालं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी इंजिनावर कंदील धरून उभी होते. त्यातलं घासलेट संपलं आणि तो फडफडून विझला. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "दिवा गेला व माय! अपशकून झाला. नका नेऊ त्याले आता."

माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, दिवा गेला तं गेला, माणूस अजून आहे," मी सासूबाईंना म्हणाले. "भाऊजी, मारा हँडल."

त्यांनी अंधारातच फिरवलं, आणि मला दिसलं. प्लगच्या वायरी जिथून निघतात त्या काळ्या टोपीवर निळ्या ठिणग्या सरपटत होत्या, कुंकवाच्या बोटांवरून. कंदील पेटता असता तर त्या दिसल्याच नसत्या.

दीर वाकून बघत राहिले. "वयनी, करंट बाहेरच फुटून राह्यला. कुंकवानं दहिवर धरलं. प्लगात ठिणगी पडंनच कशी?"

"मंग पुसा."

त्यांचा हात पुढे गेला आणि थांबला. सख्खा भाऊ मागे तसा पडलेला असताना कुंकू पुसायचं, हे त्यांच्याने होईना. तोवर सासूबाई धावत आल्या. "हात लावू नको! कुंकू पुसशीन तं त्याच्या जिवावर येईन. काहून आमच्या मुळावर उठली तू?"

भीती मलाही वाटली. सवाष्णीने कुंकू पुसू नये, हे मी आईच्या मांडीवर शिकले होते. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी पदर हाताला गुंडाळला आणि मोठ्याने म्हणाले, "रेणुकामाय, तुयं कुंकू मी पुसून राह्यली. मायं तू राख. नाई राखलं तं गडावर येऊन भांडीन तुह्यासंग."

दिरांनी टोपी काढून दिली. मी ती आतून-बाहेरून कोरडी केली, वायरी पुसल्या, कुंकवाचा कण ठेवला नाही. टोपी बसली, हँडल फिरलं, आणि गाडी सुरू झाली. सासूबाई तिथेच मातीत खाली बसल्या.

वाटेतलं शेलूबाजार मागे पडेपर्यंत मी रडले नाही. उजाडलं, मालकांनी डोळे उघडून माझा हात धरला, तेव्हा मात्र धीर सुटला. पदराने तोंड पुसत राहिले.

दवाखान्यात यांना आत नेलं आणि नर्स माझ्याकडे बघून दचकली. "बाई, डोक्याला लागलं का? रक्त दिसतंय." तिने आरसा आणून दिला. कपाळभर कुंकू होतं. गाडीवरून पुसलेलं ते सगळं, डोळ्यांच्या पाण्याने भिजलेल्या पदरातून माझ्याच कपाळी आलं होतं. माहूरच्या देवीला असतो तसा मळवट! मी तो धुतला नाही. ऑपरेशन होईपर्यंत बाकावर तशीच बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते, बघू दिलं.

मालक वाचले. लोक म्हणतात देवीची कृपा, दीर म्हणतात दहिवराचा खेळ. मी कोणाशी वाद घालत नाही. शरण जायचं म्हणजे हात जोडून गप्प बसायचं, असं मला शिकवलं होतं. त्या पहाटे मी गप्प बसले नाही, तरीही तिच्याच भरवशावर हात पुढे केला. तिने तो झिडकारला नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या दसऱ्याला सासूबाई पूजेचं तबक घेऊन गाडीपाशी आल्या. मी बॉनेटवर हात ठेवून भांडायच्या तयारीने उभी राहिले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुंकवात बुडवलेलं बोट त्यांनी माझ्या कपाळाला टेकवलं.

"गाडीले आता बाहेरूनच लावू," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिवा लावताना देवीपुढे माझी मान आपसूक खाली गेली.