सातारा–सांगलीचा ड्रायव्हर विमानात

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकतीस वर्षं सातारा–सांगली एसटी चालवली. सव्वाशे किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसणं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. मला दिल्लीत नोकरी लागून सहा वर्षं झाली, आई दोनदा येऊन गेली, पण अण्णांनी माझं घर पाहिलं नव्हतं.

शेवटी मी तिकीट काढूनच रहिमतपूरला फोन केला.

“पुणं–दिल्ली किती पडतं?” त्यांनी विचारलं.

“रस्त्यानं साडेचौदाशे किलोमीटर, अण्णा. विमानाला दोन तास दहा मिनिटं.”

“मदी थांबा?”

“एकही नाही.”

“मग डायवर च्या प्यायला कुठं थांबतो?”

त्यांना आणायला मी स्वतः गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते खिडकीशी बसले. विमान सुटताच त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नंतर वाटभर ना पाणी घेतलं ना डोळा मिटला. वाटेत एकदा विमान जोरात हादरलं. माणसांनी खुर्च्यांचे हात घट्ट धरले. मीही धरले.

“खड्डा हाय,” अण्णा शांतपणे म्हणाले. “बेतानं काढतोय बघ. शाना डायवर हाय.”

दिल्लीला चाकं टेकली तेव्हा त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. “पाच मिन्टं आदीच आणलं. एवढ्या वेळात माझी गाडी निम्म्या वाटंवर, कासेगाव फाट्याला असायची.”

उतरताना पुढच्या दाराशी वैमानिक उभी होती. मुलगीच, माझ्यापेक्षा लहान. अण्णा थबकले.

“तुमीच चालवलं व्हय?”

“हो काका,” ती चक्क मराठीत म्हणाली. “नीट झाला ना प्रवास?”

“लय झ्याक. मी बी डायवर. सातारा–सांगली, एकतीस वर्षं. गाडीला ओरखडा न्हाई.”

तिचे डोळे मोठे झाले. “एकतीस वर्षं? काका, मला वर रस्ता मोकळा असतो. तुमच्यापुढे म्हशी, सायकली, उसाचे ट्रॅक्टर!” तिने हात जोडले. “सगळे उतरू देत, मग आत या. माझी केबिन बघा.”

अण्णा आत गेले. हात पाठीमागे बांधून, कशालाही न शिवता, एकेक काटा न्याहाळत राहिले. बाहेर सफाईला आलेल्या बाईंनी मला हिंदीत विचारलं, कोण आहेत हे? कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय ‘सरकारी नोकरी’ एवढाच लिहायचे. ड्रायव्हर हा शब्द टाळायचे.

“माझे वडील,” मी म्हणाले. “ड्रायव्हर आहेत.” इतक्या मोठ्याने, की आतल्या दोघांनीही वळून पाहिलं.

बाहेर आल्यावर अण्णा कुजबुजले, “सगळं हाय गं, पर मागचं बघायला आरसा न्हाई!”

टॅक्सीत ते पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले. मला वाटलं, आता विमानाची केबिन निघणार. पण मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सुरुवात केली, “वो पीछे बैठी है ना, हमारी लडकी है. इंजिनियर है, इधरच.” आणि घर येईपर्यंत माझंच कौतुक चाललं होतं.