चतुर्थी परवा झाली

बदनापूर स्टेशनवर गाडी हलली तसं आबांनी खिडकीतून धपाट्यांचं फडकं आत सारलं आणि म्हणाले, "खोली घेताना बराबर इचारून घे, सोबत कोन हाय. मंग पाय ठिव." बापाचे बाकी उपदेश वाटेत सांडले. हा एवढा पाळला.

इंग्लंडातल्या लायब्ररीत वीस वर्षं काढली. दरवर्षी स्टाफचा सर्व्हे येतो. तुमचा वंश कोणता, चौकटीत खूण करा. गोऱ्यांना चार-पाच चौकटी, अख्ख्या भारताला एक. कसली ही मोजदाद! एक पुस्तक लावायला दशांशापुढं चार आकडे लिहिणारी ही माणसं. आमच्याकडं बैलबाजारातसुद्धा याहून बारकाईनं बघतात. मी दरसाल हसायचो. माझी मोजणी पक्की होती ना!

तीर्थपुरीची संगीता कामावर आली तेव्हा ती मोजणी उपयोगी पडली. मराठी माणूस भेटलं म्हणून पोरीला कोण आनंद. मी विचारलं, आडनाव काय? घर गावात कुठं? मामा कुठले? तीन प्रश्नांत माझा सर्व्हे संपला. वेशीबाहेरची. दुपारी तिनं डबा उघडून पुढं केला. "घ्या ना दादा, धपाटे हायेत. आपल्याकडचेच."

"आज चतुर्थी आहे," मी म्हणालो. "उपास."

तिनं डबा हळूच मागं घेतला. "चतुर्थी परवा झाली, दादा."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढं तिनंच सर्व्हेच्या कमिटीला लिहिलं, की जातीबद्दलही विचारा. कमिटीला जात म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून जुना इंडियन म्हणून मला बोलावलं. संगीता समोरच बसलेली. सगळे वहीवर पेन टेकवून थांबले. मी म्हणालो, "जात गावाकडं राहिली. इथं आम्ही सगळे फक्त इंडियन." किती सुंदर बोललात, म्हणाले. बिस्किटं फिरली. ज्या चौकटीला मी हसत होतो, तिच्याच आड लपलो. ते बिचारे अडाणी होते. मला सगळं माहीत होतं.

महिनाभरात तिनं नोकरी सोडली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. "येते, दादा."

गावाकडचे अजून विचारतात, घराची आठवण येते का? कशाची येणार? आबा गेले, शेत भावाकडं आहे. घरातलं एकच मी उचलून आणलं होतं, ती वेस. परक्या मुलखात, डबा खायच्या खोलीत, ती माझ्या हातानं उभी केली.

यंदाचा सर्व्हे समोर आहे. शेवटी जागा ठेवलीय, आणखी काही सांगायचंय का? तिथं माझे तीन प्रश्न लिहिलेत, ती खोटी चतुर्थी लिहिलीय, कमिटीपुढं काय बोललो तेही. खाली नाव घातलंय. संगीतालाही एक प्रत पाठवतोय. तिनं ती वाचलीच पाहिजे असं काही नाही.

तुम्हाला हे मराठीत आधी लिहिलं. त्यांना याचा अर्थ कुणाला तरी विचारावा लागेल. तुम्हाला लागणार नाही.