केळीवरची लाल चिंधी

सांडोर गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत बाबांची एक पद्धत आहे. केळ रोगट दिसली की तिला लाल चिंधी बांधायची, म्हणजे लावणीसाठी तिचे मुनवे, बुंध्याशी फुटणारी पिल्लं, कोणी काढत नाही आणि सवड मिळाली की ती तोडून टाकता येते. चिंध्या आईच्या एका जुन्या साडीच्या.

फोटो ओळखणारी सॉफ्टवेअर बनवणं ही माझी नोकरी. मागे एकदा हौसेने मी बाबांच्या फोनमधले केळींचे फोटो घेतले, रोगट आणि निरोगी असे दोन ढीग केले आणि उदाहरणं पाहून शिकणाऱ्या एका न्यूरल नेटवर्कला शिकवले. चाचणीत एकही चूक नाही! मी अशी फुगले की ते लगेच बाबांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

श्रावणातल्या एका सकाळी बाबा कोयता घेऊन निघाले. वाडीतल्या सगळ्यात भरलेल्या घडाची केळ तोडायला! तो घड आईने गणपतीसाठी राखला होता आणि खूण म्हणून त्याला त्याच साडीची पट्टी बांधली होती.

"तुझं यंत्र रोग म्हणतंय," बाबा म्हणाले. "मला तर काही दिसत नाही. पण माझी नजर आता म्हातारी झाली."

चाळीस वर्षं केळी पिकवलेला माणूस माझ्यापायी स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत होता.

त्यांना ओटीवर बसवलं आणि लॅपटॉपवर त्या केळीचा फोटो उघडला. एकेक भाग काळ्या चौकोनाने झाकायचा आणि नेटवर्कला पुन्हा विचारायचं, एवढंच. पानं झाकली, तरी रोगट. खोड झाकलं, तरी रोगट. पट्टी झाकली आणि उत्तर आलं, निरोगी.

"त्याला रोग म्हणजे काय ते कोणी सांगत नाही, बाबा. रोगट फोटोंत जे हमखास दिसतं, तेच ते धरून बसतं."

"म्हणजे मेल्याने केळ पाहिलीच नाही," आई म्हणाली. "माझी साडी पाहिली!"

बाबा खो खो हसले. मला हायसं वाटलं. मग ते मला वाडीत घेऊन गेले, चिंधी बांधलेल्या एका केळीपाशी थांबले आणि ती चिंधी मुठीत झाकून म्हणाले, "आता तू सांग, बाय. रोगट कशावरून?"

मी पानं उलटीपालटी करून पाहिली; मला ती निरोगीच वाटली. ते दोन ढीग मीही चिंधी बघूनच केले होते.

बाबांनी पान खाली ओढलं आणि देठावरच्या गर्द हिरव्या रेघांवरून, रोगाच्या खऱ्या खुणेवरून, माझं बोट फिरवलं.