घरी जाऊन कुणाला सांगशील?

परब सर कुठल्याच मुलाला "तुला पुढे काय व्हायचंय?" असं विचारत नसत. "घरी जाऊन हे कुणाला सांगशील?" एवढंच विचारायचे. मुलं गोंधळायची. मीही गोंधळायचे, आणि मी तर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली प्राध्यापिका!

आमच्या परळच्या कॉलेजात नवं धोरण आलं त्या वर्षीची ही गोष्ट. प्रत्येकाने आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचा, त्याला ओपन इलेक्टिव्ह म्हणायचं, आणि त्याची क्रेडिट्स जमल्याशिवाय पदवी मिळत नाही. क्रेडिट म्हणजे नेमकं काय, ते प्राचार्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा समजावलं आणि दर खेपेला आम्ही आधीपेक्षा जास्त गोंधळून बाहेर आलो. मुलांना सल्ला द्यायला जिन्याखाली टेबल मांडलं. तिथे बसवलं कुणाला? तर कॉमर्सची मी, म्हणजे सामंतबाई, आणि तत्त्वज्ञानाचे परब सर.

"सर, तुम्हाला तरी कळलंय का हो हे?" मी पहिल्याच दिवशी वैतागून विचारलं.

"माका? छ्या!" सर हसले. "इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवतंय, ता तरी खंय कळला!"

सर बुटके, केस पांढरे, आणि शर्टाचा खिसाही पांढरा, कारण त्यात कायम खडूचे तुकडे. जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत. माणूस तसा शुद्ध मराठी बोलायचा, पण खूश झाला किंवा अडचणीत आला की मालवणीवर उतरायचा. त्यांची आई, सगळे तिला आय म्हणत, आता खाटेवरच असायची. ती शाळेत कधी गेली नव्हती. पण लहानपणापासून रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न असे, आज काय शिकलंस? सर प्राध्यापक झाले तेव्हा तिने फक्त "शिकलंस"चं "शिकवलंस" केलं. सर रोज घरी जाऊन तिला दिवसभराचे तास सांगायचे. दिवेलागणीनंतर ती झोपून जाई, म्हणून सर कॉलेज सुटल्यावर चहालाही थांबत नसत. एकदा मीही त्यांच्या घरी, त्याच लालबागच्या चाळीत, गेले होते. आयने मलाही सोडलं नाही, नफा-तोटा समजावून घेतला.

आता खरी मेख. पदवीचा तत्त्वज्ञानाचा वर्ग आधीच बंद पडला होता. सरांकडे उरलं होतं ते एकच इलेक्टिव्ह, 'तर्क आणि विचार'. त्याला तीस मुलं मिळाली नाहीत तर तेही बंद, आणि सरांची बदली संस्थेच्या कर्जतपलीकडच्या कॉलेजात. म्हणजे घरी पोचेपर्यंत आय झोपलेली.

आणि हा माणूस टेबलाशी बसून मुलं दुसऱ्यांच्या वर्गात पाठवत होता!

लालबागच्या मसाला गल्लीतली एक मुलगी आली. "घरी कुणाला सांगशील?" "आईला. पण ती दिवसभर गाळ्यावर मिरच्या निवडते, तिला तर्कबिर्क काय सांगणार?" सरांनी तिला माझ्या 'ग्राहक आणि जाहिरात'मध्ये घातलं. गणपतीच्या कारखान्यात बापाबरोबर रंगकाम करणारा एकजण आला, त्याला रंगसंगतीकडे. ज्याला त्याला "कुठला विषय सोपाय? कुठला नोकरीला बरा?" एवढंच हवं असे. सर ते ऐकूनच घेत नसत. माझा वर्ग भरून वाहायला लागला. माझा जीव इकडे खालीवर.

"अहो सर, टेबल तुमच्या हातात आहे! ढकला की चार पोरं आपल्याकडे. कोण बघतंय?"

"मरांदे गो," सर म्हणाले. "जबरदस्तीने बसलेलं पोर घरी जाऊन काय सांगणार?"

शेवटच्या संध्याकाळी सरांच्या यादीत एकोणतीस नावं होती. टेबल आवरायच्या वेळी एक मुलगी आली, श्वेता. अँटॉप हिलला मामाकडे राहायची. "सर, ह्यातलं उपयोगाचं काय ते सांगा ना. मला काहीच कळत नाहीये."

मनात म्हटलं, देवच पावला.

"घरी जाऊन कुणाला सांगशील?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "मामा-मामी दमून येतात. मग टीव्ही लागतो."

त्यांचा प्रश्न पहिल्यांदाच फुकट गेला होता. मी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर पाय दिला. घ्या ना हिला! त्यांनी पाय बाजूला घेतला.

"बरं, कशात रमलीस की तुला झोपही येत नाही?"

"जाहिराती आवडतात मला बघायला."

सरांनी तिचं नाव माझ्या वर्गात टाकलं. "दर गुरुवारी तास संपला की स्टाफरूममध्ये ये. मला सांग काय शिकलीस."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. इतका राग आला होता! 'तर्क आणि विचार' बंद झालं. बदलीचा हुकूम निघेपर्यंत सर रिकामे बसून असायचे, पण गुरुवारी श्वेता आली की खुर्ची पुढे ओढून ऐकायचे. उठताना तिला विचारायचे, "आता हे आणखी कुणाला सांगशील?" नवरात्राच्या सुमारास सर बदलीवर गेले. हे शहाणपण म्हणायचं की वेडेपणा, मला अजूनही ठरवता येत नाही.

पुढच्या गुरुवारी श्वेता स्टाफरूमच्या दारात उभी. "सर गेले ना, मॅडम?"

"गेले गं."

ती वळली. माझ्याच्याने राहवेना. "थांब. बस इथे. मला सांग."

"पण मॅडम, तास तुमचाच होता."

"असू दे. सांग."

ती सांगायला लागली. मामी एकच साबण वर्षानुवर्षं का घेते, तिथून सुरुवात करून तिने माझा अख्खा तास उलगडला. मी एवढं बरं शिकवलं होतं? मग म्हणाली, "काल मामीला सांगितलं हे. मामीने टीव्ही बंद केला."

मी लगेच सरांना फोन लावला. लागला नाही, गाडीत असणार. घड्याळ बघितलं. दिवेलागण व्हायची होती. माझं घर दादरला, पण मी पर्स उचलली आणि उलट्या दिशेला, लालबागला निघाले.

आय खाटेवर दाराकडे तोंड करून जागीच होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला. मग तिने हाताने खाटेवर जागा केली.

"बस. आज काय शिकवलंस गो?"