डॉयलचा तुरुंगवास

डॉयल प्रुइटने आयुष्यात एक रात्रही तुरुंगात काढली नव्हती. टेक्सासमधल्या लहानशा गावात बापाचं पशुखाद्याचं दुकान, आणि हे चिरंजीव तेहतिसाव्या वर्षापर्यंत रेडिओवर कोंबड्यांच्या दाण्याच्या जाहिराती गात होते. निळा सूट, गुळगुळीत हनुवटी, रविवारी चर्चमध्ये पहिला बाक. मग बंडखोर गायकांचे दिवस आले. डॉयलने केस वाढवले, दाढी राखली, काळी टोपी चढवली आणि आपण तुरुंग भोगून आल्याचं छाती फुगवून सांगू लागला. त्याचा काळा शर्ट बायको विनेल इस्त्री करायची. बंडखोराला सुरकुती खपत नसे!

गाणी मात्र अस्सल होती, कारण ती त्याची नव्हतीच. विनेलचा भाऊ ऑर्विल दरोड्यापायी खरोखर आत होता. दिवसभर तुरुंगाच्या कापसात खुरपणी करायचा आणि बहिणीला पत्रं लिहायचा. डॉयल मक्याचा पाव चघळत ती पत्रं वाचायचा आणि ओळीच्या ओळी उतरवून घ्यायचा. रेकॉर्डवर नाव त्याच्या एकट्याचं. याची लाज वाटायची ती विनेलला.

१९७६च्या उन्हाळ्यात त्याच तुरुंगातून गाण्याचं बोलावणं आलं.

"आज तरी चारचौघांत ऑर्विलचं नाव घे," विनेल गाडीत म्हणाली. "मला दुसरं काही नको."

"अगं, मग माझ्याकडे उरलं काय?"

"गळा आहे की. कोंबड्या अजून आठवण काढतात."

डॉयल आरशात टोपी वाकडी करून पाहू लागला.

पांढऱ्या कपड्यांतल्या चारशे कैद्यांनी त्याची तीन गाणी निमूटपणे ऐकली. मग पुढचा एक म्हातारा कैदी उठला.

"गड्या, आमच्यातलाच म्हणवतोस. तुझा नंबर काय होता रे?"

तिथे माणूस आईचा वाढदिवस विसरेल, पण स्वतःचा नंबर नाही. एकाचा नंबर दुसऱ्याला कधी देतही नाहीत. उभ्या जन्मात डॉयलने एकच नंबर पाहिला होता, ऑर्विलच्या पत्रांच्या पाकिटांवरचा. तोच त्याने घडाघडा म्हणून टाकला.

तो नंबर ओळखून सगळी सभा मागे वळली. शेवटच्या रांगेतून ऑर्विल सावकाश उभा राहिला.

"तो माझा नंबर आहे," तो म्हणाला. "हे आमचे दाजी. सहा वर्षांत एकदाही भेटायला आले नाहीत. आज आले, तर थेट माझ्या जागीच बसले."

असा हशा उसळला की पहारेकरीसुद्धा तोंड लपवू लागले. डॉयल माइकला धरून काहीतरी पुटपुटत होता, पण ऐकतो कोण? विनेल मंचावर चढली. तिने नवऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि हसणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"ही गाणी ऑर्विल टॅकेटची आहेत," ती म्हणाली. "माझ्या भावाची."